क्लॅरेन्सचं स्थळ

इंग्लंडातल्या बेकप गावी मेथडिस्ट चॅपलमागे एक हॉल आहे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिथे साप पाळणाऱ्यांचा क्लब भरतो. खुर्च्या दोन भागांत मांडलेल्या असतात. तसा ठराव कुणी केलेला नाही, पण खिडकीकडे काचपेटीवाले बसतात, भिंतीकडे डबेवाले बसतात आणि मधे चहाची मोठी टाकी असते. टाकी तटस्थ आहे.

काचपेटीवाल्यांचं म्हणणं असं, की साप झाला तरी तो जीव आहे. त्याला अंग लांब करता आलं पाहिजे, फांदीवर चढता आलं पाहिजे, बाहेर दिवस आहे की रात्र हे समजलं पाहिजे. म्हणून त्याला लाकडाची ऐसपैस पेटी करावी, पुढे सरकत्या काचा लावाव्यात आणि छताला हीटर बसवून वरून ऊब द्यावी. डबेवाले म्हणतात, हे सगळं सापाला कुणी विचारलं होतं का? रॉयल जातीचा अजगर आफ्रिकेत असतो तेव्हा वाळवीच्या वारुळात नाहीतर उंदराच्या बिळात, अंधारात, चारी बाजूंनी अंग टेकेल अशा जागी पडून असतो. त्याला झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा द्यावा, हवेपुरती भोकं पाडावीत, डब्याच्या अर्ध्या भागाखाली विजेची गरम चटई सरकवावी, थर्मोस्टॅट लावावा आणि सुखानं एकटं सोडावं.

"सूर्य खालून उगवतो का रे?" काचपेटीवाले विचारतात.

"तापलेला दगड वरून शेकतो का?" डबेवाले विचारतात.

मग चहा होतो. हे कित्येक वर्षं चाललेलं आहे आणि अजून एकाही माणसानं खुर्ची बदललेली नाही.

नेव्हिल सग्डेन भिंतीकडच्या पहिल्या खुर्चीत बसायचा. उभा जन्म त्यानं लोकांचे बॉयलर दुरुस्त केले होते, त्यामुळे ऊब या विषयावर आपल्याला कुणी शिकवू नये असं त्याचं मत होतं. बायको एका दंतवैद्याबरोबर ब्लॅकपूलला राहायला गेली, त्याच वर्षी त्यानं क्लॅरेन्सला आणलं. तेव्हा क्लॅरेन्स बोटाएवढा होता. बायकोची आठवण नेव्हिल फारशी काढत नसे, पण क्लॅरेन्सचा विषय निघाला की त्याचा चहा गार व्हायचा.

क्लबात नेव्हिलला मान होता तो मात्र वेगळ्याच गोष्टीचा. साप नर की मादी हे वरून बघून कळत नाही. त्यासाठी शेपटीच्या मुळाशी एक बारीक, गुळगुळीत सळई अलगद सरकवावी लागते. खोल गेली तर नर, लगेच अडली तर मादी. बॉयलरच्या नळ्यांत आयुष्य गेलेलं असल्यामुळे नेव्हिलचा हात याला बसला होता. अख्ख्या खोऱ्यातले साप उशीच्या अभ्र्यांत बांधून त्याच्याकडे यायचे आणि नर किंवा मादी होऊन परत जायचे. दुसरं मत घ्यायची पद्धत नव्हती. हृदयाच्या डॉक्टरवर लोक संशय घेतील, नेव्हिलवर नाही.

त्यानं सगळ्यात पहिल्यांदा तपासला होता तो क्लॅरेन्स. नर.

रॉयल अजगरांत नर चणीनं लहान असतात आणि माद्या दांडग्या, हे बेकपमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. क्लॅरेन्स वाढत गेला तो मांडीएवढा झाला. एवढा भरदार नर सगळ्या लँकेशरमध्ये दुसरा नव्हता. क्लबातली मंडळी त्याच्याकडे बघायची, मग एकमेकांकडे बघायची, मग बिस्किटांच्या ताटलीकडे बघायची.

"खाणंपिणं वेळेवर," नेव्हिल समजावून सांगायचा. "आणि डबा."

"असेल, असेल," मंडळी म्हणायची.

अलीकडे नेव्हिलला एक रुखरुख लागली होती. बाकीच्यांनी सापांचे नाना रंग काढले होते. कुणाचा लिंबासारखा पिवळा, कुणाचा दुधासारखा पांढरा, आणि नावं अशी की वाटावं आइस्क्रीमच्या गाडीपुढे उभे आहोत. क्लॅरेन्स साधा होता. देवानं केलेला, तपकिरी आणि काळा. त्याच्या मागे त्याच्या वळणाचं कुणी राहणार नाही, हा विचार नेव्हिलला बटाटे सोलताना यायचा आणि मग बटाटा फारच लहान व्हायचा.

क्लबचा अध्यक्ष होता डेस्मंड क्लेग. हा गृहस्थ पूर्वी लोकांचे अंत्यविधी पार पाडायचा. कुठलीही गोष्ट हळू आवाजात आणि कुणालाही न दुखवता जुळवून आणायची त्याला सवय होती. त्यानं नेव्हिलला चहाच्या टाकीशी गाठलं.

"ग्लेनिसकडे ऑड्री आहे की."

"ग्लेनिस ऑल्डरसन? काचपेटीतली?"

"ग्लेनिस पेटीत राहत नाही, नेव्हिल. ऑड्री राहते. शांत आहे. रंगानं अगदी साधी, आणि नात्यातली नाही."

"ते मला माहीत आहे. तिला मीच तपासली."

"हो ना," डेस्मंड म्हणाला आणि बराच वेळ साखर ढवळत राहिला. "मग तर काही प्रश्नच नाही."

ग्लेनिस ऑल्डरसन निवृत्त होईपर्यंत रॉचडेलची बस चालवत होती. सुतारकाम ती संध्याकाळच्या वर्गात शिकली. तिच्या पेट्या बघायला लोक बर्नलीहून यायचे. स्थळ बघायच्या निमित्तानं ती पहिल्यांदाच नेव्हिलच्या घरी आली. बैठकीच्या खोलीत तिच्या तोंडातून वाफ निघत होती. नेव्हिल एकावर एक दोन स्वेटर घालून दारात उभा होता. मागच्या खोलीत मांडणीवर डबे ओळीनं लावलेले, आणि प्रत्येकात एकतीस अंश. एकही अंश बाहेर सांडत नव्हता. ग्लेनिसनं क्लॅरेन्सच्या डब्याचं झाकण उघडलं, हात आत घातला आणि जरा जास्तच वेळ तसाच ठेवला.

"नेव्हिल," ती म्हणाली, "एक डबा तुझ्यासाठी पण घे."

"ऊब जिथे लागते तिथेच द्यायची असते," नेव्हिल म्हणाला. "बाकीचं घर तापवून कुणाचं भलं होतं?"

"घरातल्या माणसाचं."

नेव्हिलनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. ही डबेवाल्यांच्या विरोधातली जुनी कोटी आहे असं त्याला वाटलं.

या बाबतीतली रीत अशी की नर मादीच्या घरी जातो, मादीला हलवत नाहीत. पिल्लं निम्मी-निम्मी, आणि एखादं वरचं उरलं तर ते मादीवाल्यांचं. एवढ्यावर कुणाचंच भांडण नव्हतं. भांडण झालं ते राहण्याच्या जागेवरून. क्लॅरेन्स आपल्या डब्यासकट जाईल असं नेव्हिलनं सांगितलं. माझ्या घरात डब्यात कुणी राहत नाही असं ग्लेनिसनं सांगितलं. डेस्मंडनं तीन वेळा दोन्हीकडे फोन केले. शेवटी नेव्हिल नमला, कारण साध्या रंगाची दुसरी मादी मिळाली असती ती थेट वेल्समध्ये, आणि वेल्शांबद्दल त्याला जरा शंकाच होती.

नोव्हेंबरात त्यानं क्लॅरेन्सला अभ्र्यात घातलं, अभ्र्याला गाठ मारली, शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि गाडी इतक्या हळू चालवली की मागे दूधवाल्याची गाडी, एक शाळेची बस आणि शेवटी एक प्रेतयात्रा अशी रांग लागली.

ग्लेनिसनं क्लॅरेन्सला दोन्ही हातांवर घेतलं आणि वजन तोलून बघितलं.

"अरे बापरे! नक्की नर ना हा?"

"मी तपासलाय."

"हो, हो. तू तपासलायस." तिनं त्याला पेटीत सोडलं. "पार्किन खाणार? कालच केलंय."

नेव्हिलनं आल्याच्या त्या चिकट केकचे दोन तुकडे खाल्ले आणि सबंध वेळ काचेतून आत बघत राहिला. क्लॅरेन्स पेटीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता. नेव्हिलला तो वसतिगृहात सोडलेल्या मुलासारखा दिसला.

तेव्हापासून नेव्हिल दर रविवारी तपमान बघायला म्हणून जाऊ लागला. स्वतःचं थर्मामीटर घेऊन जायचा. तपमान बरोबर निघालं की त्याला वाईट वाटायचं. क्लॅरेन्सनं खाणं बंद केलं होतं. थंडीच्या दिवसांत नर खात नाहीत, त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं, हे नेव्हिलनंच क्लबात वर्षानुवर्षं सांगितलं होतं. आता तेच स्वतःला सांगताना त्याला ते तितकंसं पटत नव्हतं.

अधूनमधून क्लॅरेन्सला ऑड्रीच्या पेटीत दोन-तीन दिवस ठेवायचे आणि परत आपल्या पेटीत आणायचे.

"कसं काय आहे?" नेव्हिल विचारायचा.

"क्लॅरेन्स पडून असतो. ऑड्रीच त्याच्या मागे मागे असते. सारखी अंगाशी."

"पुढाकार घेणारी आहे," नेव्हिल म्हणाला. "ठीक आहे. हल्लीचे दिवस आहेत."

ग्लेनिस काहीतरी बोलणार होती, पण तिनं किटलीकडे बघितलं आणि चहा ओतला.

फेब्रुवारीत क्लॅरेन्स पाण्याच्या वाडग्याभोवती विळखा घालून बसायला लागला. उबेची जागा सोडून गार कोपऱ्यात.

"बघ," नेव्हिल म्हणाला. "वरून शेकवतेस म्हणून. भाजून निघालाय बिचारा."

"नेव्हिल, एखादी मादी अशी वाडगा धरून बसली असती, तर तू काय म्हणाला असतास?"

"मादी असती तर म्हणालो असतो की आता पोटात अंडी धरतील हं हिच्या. पण हा नर आहे."

"हो," ग्लेनिस म्हणाली. "मी आपलं सहज विचारलं."

घरी परत येताना नेव्हिलच्या मनात आलं, या बाईला पेट्या सुंदर करता येतात, पण सापांतलं तिला काही कळत नाही. आणि अशा बाईच्या हवाली आपण क्लॅरेन्सला केलंय. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. मागच्या खोलीतला क्लॅरेन्सचा डबा रिकामा होता, तरी त्यानं खालची चटई चालूच ठेवली होती. एकतीस अंश. तिथे कुणीच नव्हतं.

मार्चमध्ये तो गेला तेव्हा क्लॅरेन्स हीटरखाली उलटा पडला होता. पोट वर, पाठ खाली. पोट चांगलं तुकतुकीत फुगलेलं. नेव्हिलनं थर्मामीटर खाली टाकलं.

"मेला!"

"मेला नाही रे. श्वास बघ."

"मग मरायला टेकलाय! चार महिने अन्न नाही आणि पोट बघ केवढं सुजलंय! मी सांगत होतो. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. याला अंग टेकायला भिंत पाहिजे, खालून ऊब पाहिजे. तू याला दुकानाच्या खिडकीत ठेवलायस!"

"नेव्हिल," ग्लेनिस शांतपणे म्हणाली, "समज, ही मादी आहे."

"नाहीये."

"समज म्हणते मी. उबेखाली पोट वर करून पडलीय, खात नाही, अंगानं भरलीय. कुणी तुला फोन करून विचारलं, तर?"

"तर मी सांगेन की महिन्याभरात अंडी घालेल, तिला हलवू नका, दमट शेवाळ घालून एक डबा द्या. हे कुणीही सांगेल. पण प्रश्न मादीचा नाहीये ना! प्रश्न क्लॅरेन्सचा आहे!"

"बरोबर," ग्लेनिस म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. बसमध्ये दारुडे चढले तर ती अशीच बघायची. "मग काय करायचं म्हणतोस?"

"मी त्याला घरी नेतो."

"अशा अवस्थेत? एवढ्या गारठ्यात, अभ्र्यात घालून?"

नेव्हिलनं बाहेर बघितलं. खिडकीबाहेर आडवा पाऊस चालला होता आणि डोंगरावरच्या मेंढ्या पाठ फिरवून उभ्या होत्या. आजारी सापाला हलवू नये हे त्यालाही माहीत होतं. त्यानं कोट घातला, घरी गेला आणि क्लॅरेन्सचा रिकामा डबा बगलेत मारून परत आला.

"नाही म्हणायचं नाही," तो दारातच म्हणाला. "तो इथे राहील. पण डब्यात राहील. डबा तुझ्या पेटीत ठेवू. तुझी पेटी तशीच राहील, तिला धक्का लागणार नाही."

त्याला वाटलं होतं ग्लेनिस दार लावून घेईल. ती म्हणाली, "थांब, जरा शेवाळ ओलं करून देते. आत घालू."

"शेवाळ कशाला?"

"मऊ पडेल."

डबा पेटीत गेला, झाकणाला नेव्हिलनं येण्याआधी वाटीएवढं भोक कापलं होतं ते वर आलं, आणि क्लॅरेन्स त्यांच्या देखत सुलटा झाला, सरपटत आला, भोकातून आत उतरला आणि आतल्या आत गोल गोल फिरून बसला. शेपटीचं टोकसुद्धा बाहेर राहिलं नाही.

नेव्हिलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं शिंकून झाकलं.

पुढच्या महिन्याच्या मंगळवारी तो क्लबात उभा राहिला आणि सगळं सविस्तर सांगितलं. ऐसपैस पेटी, वरून ऊब, काच, फांदी. आणि जनावरानं निवडलं काय? डबा. भिंतीकडच्या खुर्च्यांवरून टाळ्या यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. कुणी बूट बघत होतं, कुणी छत.

"शेवाळ होतं म्हणतोस आत?" मागून कुणीतरी विचारलं.

"होतं थोडं."

"ओलं?"

"हो. का?"

"काही नाही, काही नाही. छान झालं."

डेस्मंडनं घसा साफ केला आणि चहा तयार आहे असं जाहीर केलं. टाकीतलं पाणी अजून उकळलंही नव्हतं.

एप्रिलच्या मध्यावर, सकाळी नेव्हिल अंडं उकडत होता तेव्हा ग्लेनिसचा फोन आला.

"ये," ती म्हणाली. "घाबरू नकोस, पण ये."

तो पोचला तेव्हा तिनं सरकती काच उघडून ठेवली होती. डब्याचं झाकण काढलेलं होतं. आत क्लॅरेन्स घट्ट वेटोळं करून बसला होता, मडक्यासारखा, वर डोकं ठेवून. आणि वेटोळ्यांच्या मधल्या फटीतून पांढरं काहीतरी दिसत होतं. नेव्हिलनं चष्मा पुसून परत बघितलं. अंडी होती. बदकाच्या अंड्यांएवढी, एकमेकांना चिकटलेली, सहा किंवा सात.

नेव्हिल पेटीपुढे वाकला.

"ग्लेनिस," नेव्हिल म्हणाला, "हे फार मोठं आहे. हे कुणी पाहिलेलं नाही. ऑड्रीनं अंडी घातली आणि बाप उबवतोय. नर उबवतोय!"

"नेव्हिल."

"हे छापून यायला पाहिजे."

"नेव्हिल, ऑड्री वरच्या पेटीत आहे. महिनाभर. काच लावलेली आहे आणि तिला कुलूप आहे."

नेव्हिलनं वरच्या पेटीकडे बघितलं. ऑड्री फांदीवरून त्याच्याकडे बघत होती. सडपातळ, लहानखुरी, चपळ. त्यानं खाली क्लॅरेन्सकडे बघितलं. मग परत वर. मग त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून ती चामड्याची चपटी डबी काढली, जी तो माणसं चष्म्याचं घर बाळगतात तशी बाळगायचा, आणि म्हणाला, "ऑड्रीला धर."

सळई आत गेली. जात राहिली. नेव्हिलनं ती बाहेर काढली, पुसली, डबीत ठेवली आणि खुर्चीवर बसला.

"दोघंही," तो म्हणाला.

"हो."

"दोघंही उलटे."

"लहान असताना चुकतं रे. सळई कधी मधेच अडते, कधी जास्तच जाते. कुणाचंही चुकतं."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत असं नाही. नोव्हेंबरात उचललं तेव्हा वाटलं. तीनदा सांगितलं मी तुला."

"विचारलंस. सांगितलं नाहीस."

"तुला याहून जास्त सांगायचं म्हणजे भांडण झालं असतं."

तिच्या स्वयंपाकघरातून त्यानं डेस्मंडला फोन लावला. तिकडून इतकं हळुवार "अभिनंदन, नेव्हिल" आलं की जणू कुणी गेलंच होतं.

"म्हणजे तुलाही माहीत होतं?"

"आम्हा सगळ्यांनाच थोडी कल्पना होती."

"इतकी वर्षं? आणि एकानंही तोंड उघडलं नाही?"

"घाईचं काम नव्हतं," डेस्मंड म्हणाला. "आम्हाला वाटलं, ते ऐकायला तू होशील कधीतरी तयार."

नेव्हिलनं फोन ठेवला. क्लबातली अब्रू गेली ती गेली, तिचं त्याला आत्ता काही नव्हतं. त्याचं त्याला स्वतःलाही नवल वाटलं. त्याला दिसत होता तो अंड्यांवरचा क्लॅरेन्स. सूज उतरली होती आणि सूज उतरल्यावर खाली काय उरलंय ते आता कळत होतं. पाठीचा कणा धारेसारखा वर आला होता. कातडी सैल. नोव्हेंबरपासून पोटात घास नाही, आणि जे काही अंगात होतं ते त्या सात अंड्यांत गेलं होतं. काही माद्या अंड्यांवरून उठल्यावर जेवायला लागतात. काही लागत नाहीत. अशा न लागलेल्या दोन-तीन नेव्हिलनं पाहिल्या होत्या. त्यांच्या मालकांना त्यानं खांद्यावर थोपटून, होतं असं, म्हटलं होतं.

अंडी काढून उबवणीच्या यंत्रात ठेवायची असं दोघांचंही मत पडलं, म्हणजे क्लॅरेन्स मोकळा होईल. ग्लेनिसनं सँडविचचा एक प्लॅस्टिकचा डबा काढला, त्यात ओलसर भुसा पसरला आणि अंडी एकेक करून ठेवली.

"पेटी नाही का केलीस यांच्यासाठी?" नेव्हिल म्हणाला. एरवी हे वाक्य त्यानं क्लबात उभं राहून म्हटलं असतं. आत्ता सवयीनं आलं.

"अंड्यांना काय बघायचंय?"

"म्हणजे तुझ्या पेट्यांतला एकूणएक साप डब्यात जन्मलाय."

"हो. आणि मग बाहेर पडलाय."

नेव्हिल क्लॅरेन्सकडे बघत होता.

ऑड्रीला तो आपल्या घरी घेऊन गेला, कारण तिकडे तिची आता अडचण होती. एका मोकळ्या डब्यात ठेवलं. काचपेटीत वाढलेली ऑड्री डब्यात खायची नाही, महिनाभर रुसेल, असं ग्लेनिसनं बजावलं होतं. ऑड्रीनं पहिल्याच संध्याकाळी उंदीर खाल्ला आणि दुसरा आहे का म्हणून बघितलं. हे फोन करून सांगायची नेव्हिलला फार इच्छा झाली. त्यानं फोन केला.

"क्लॅरेन्सनं खाल्लं?" त्यानं विचारलं.

"नाही रे," ग्लेनिस म्हणाली.

ऑड्रीचं राहूनच गेलं.

आता तो रविवारची वाट बघत नव्हता. रोज जायचा. ग्लेनिस गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवायची, नेव्हिल तो चिमट्यानं डब्याच्या भोकापाशी धरायचा, आणि क्लॅरेन्स त्याच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. रिकाम्या शेवाळाभोवती वेटोळं घालून बसायचा. अंडी गेली होती, पण तो बसला होता. एक दिवस झाला, चार झाले, आठवडा उलटला. हीटर एक अंश वाढवून बघितला. मग डब्याखाली नेव्हिलनं आपली चटईही सरकवली, म्हणजे वरूनही ऊब आणि खालूनही. ग्लेनिसनं तारेसाठी पेटीच्या मागच्या फळीला भोक पाडून दिलं. तिच्या पेटीला तिनं असं भोक कधी कुणासाठी पाडलं नव्हतं.

गुड फ्रायडेला नेव्हिल चिमटा धरून इतका वेळ बसला की उंदीर परत गार झाला. त्यानं चिमटा खाली ठेवला.

"त्याला वाटतंय अंडी अजून तिथेच आहेत," तो म्हणाला.

"वास येत असेल."

दोघांनी एकदम एकमेकांकडे बघितलं. वास! अंडी काढली तेव्हा शेवाळ बदललं होतं, डबा पुसला होता; खुद्द क्लॅरेन्सला कुणी धुतलं नव्हतं. हे नेव्हिलनं दुसऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी सांगितलं असतं. बाळंतिणीला आंघोळ घाला, अंगावरचा अंड्यांचा वास जाऊ द्या. पण क्लॅरेन्सला बाळंतीण म्हणून बघायची त्याच्या डोळ्यांना अजून सवय नव्हती.

"मी मूर्ख आहे," नेव्हिल म्हणाला.

"मलाही सुचायला हवं होतं. पाणी काढते."

स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कोमट पाणी भरलं. नेव्हिलनं बाह्या वर केल्या आणि क्लॅरेन्सला दोन्ही हातांनी पाण्यात उतरवलं. ओळखीचं अंग त्याला हाताला अनोळखी लागलं, इतकं ते हलकं झालं होतं. तो ओंजळीनं पाणी घालत राहिला, मानेपासून शेपटीपर्यंत, खवल्यांच्या दिशेनं. कातडीच्या सैल घड्या बोटांनी उघडून धुतल्या. ग्लेनिस जगनं पाणी बदलत होती. क्लॅरेन्सनं एकदा डोकं वर काढून नळाला हुंगलं आणि मग नेव्हिलच्या मनगटाला हलकेच विळखा घातला.

"असू दे," नेव्हिल त्याला म्हणाला. "झालंच. असू दे."

टॉवेलनं टिपून त्याला परत सोडलं. डबा नव्यानं धुतलेला, शेवाळाऐवजी कोरडा कागद. क्लॅरेन्स भोकातून आत गेला. ग्लेनिसनं खोलीतला दिवा मालवला, पडदा ओढला. दुपारचे दोन वाजले होते, पण खोलीत आता नीट दिसत नव्हतं. नेव्हिलनं चिमटा धरला. दोघं काचेपुढे गालिच्यावर गुडघे टेकून बसली, या वयाला जेवढं जमेल तेवढी शांत.

"हात हलवू नकोस," ग्लेनिस कुजबुजली.

"मी नाही हलवत. तो आपोआप हलतोय."

भोकाच्या काठावर क्लॅरेन्सचं नाक आलं. जीभ बाहेर आली, आत गेली, परत आली. मग एक धप्प असा आवाज झाला, चिमटा हातातून ओढला गेला आणि डब्यात धडपड, विळखा आणि शांतता. काचेतून दिसत होतं ते एवढंच, की उंदराची शेपटी भोकाबाहेर आहे आणि ती हळूहळू आत चाललीय.

नेव्हिल गालिच्यावर बसला तो बसलाच. ग्लेनिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि उठायला आधार म्हणून ठेवला असं दाखवून तिथेच राहू दिला.

"खाल्लं," ती म्हणाली.

"डब्यात खाल्लं," नेव्हिल नाक पुसत म्हणाला.

"डबा कशात आहे?"

"चटई कुणाची आहे?"

"हीटर कुणाचा आहे?"

"मंगळवारी सांगू क्लबात," नेव्हिल म्हणाला. "बघू काय म्हणतात."

"काही म्हणणार नाहीत. चहा पितील."

भोकातून वाकून बघितलं तर क्लॅरेन्सच्या मानेपाशी एक फुगवटा आला होता. तो इंचाइंचानं मागे सरकत होता. दोघं तो बघत बसली.